यासीन डॉक्टरांचा सवाल

गुंगी उतरलेल्या माणसाला आधी पाणी हवं असतं, मग आपलं माणूस. यासीन डॉक्टर या दोन्हींच्या आधी त्याच्या तोंडाशी कान नेऊन विचारायचे, "मधी कुठं होतास रे?"

पेशंट ओकत असायचा, कण्हत असायचा. बाहेर त्याची बायको दाराला डोकं टेकून उभी. आणि हे वहीचं पान उघडून उत्तराची वाट बघत बसलेले. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, हैदराबादेत शिकून आलेल्या माणसाचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय.

मी त्या दवाखान्यात कंपौंडर होतो. ते आले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि त्यांची तिशी अजून व्हायची होती. त्यांच्या आधीचे दोन डॉक्टर मी पाहिले होते. एकाला शिकारीचा नाद, दुसऱ्याला बदलीच्या अर्ज्या लिहिण्याचा. तिसरा हा सवाल करणारा निघाला. निजाम सरकारचा दवाखाना म्हणजे बीडहून कपिलधारेकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या कसब्यातल्या तीन खोल्या, एक पडवी आणि पुढे लिंबाचं झाड. नोंदी उर्दूत व्हायच्या आणि कण्हणं मराठीत. डॉक्टरांना दोन्ही सारखंच यायचं. ते घाटनांदूरचे. वडील आठवड्याच्या बाजारात कापड विकायचे, त्यामुळे पोराची भाषा बाजारातच घडलेली. हैदराबादेत पाच वर्षं काढूनही 'लई' आणि 'न्हाई' त्यांच्या जिभेवरून उतरलं नव्हतं. तहसीलदारांशी ते लखनवी थाटात बोलत आणि पडवीत आले की, "काय म्हातारे, हागवण थांबली का न्हाई?"

उंचीला बेताचे, अंगाने सडपातळ. उजव्या हाताची बोटं मात्र सुताराची असावीत तशी जाड. डोक्यावर लाल रूमी टोपी, तिचा गोंडा नेहमी डाव्या कानावर. विचारात पडले की तो गोंडा ते दातांत धरत. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाने गोंडा चघळावा, याची त्यांच्या बीबीला फार लाज वाटे. तिचं दुसरं दुःख भेज्याचं होतं. दर शुक्रवारी खाटकाकडून बकऱ्याचा अख्खा भेजा यायचा, पण स्वयंपाकघरात न जाता दवाखान्याच्या मागच्या फरशीवर जायचा. पातळ सुरीने त्याच्या चकत्या करायच्या, भिंगाखाली धरायच्या, पुन्हा एकावर एक रचायच्या. एकदा बीबीसाहेबांनी पडद्याआडून मला विचारलं, "त्र्यंबकराव, त्यात काय सापडतं ओ त्यांना?" मी म्हटलं, "अजून तरी काही नाही." त्या म्हणाल्या, "मंग शिजवून खाल्लेला काय वाईट?"

हेच मी डॉक्टरांना सांगितलं. ते पोट धरून हसले. मग गोंडा दातांत धरला, सोडला आणि म्हणाले, "बराबर हाय तिचं. रूह मौलवीसायबांकडं, आत्मा शास्त्रीबुवांकडं. माझ्या वाट्याला निसता भेजा आला. आन् भेजा कितीबी कापला तरी त्यात बकरं दिसंना. म्हणून माणसाला इचारत बसतो."

विचारलेलं ते सगळं वहीत उतरवत. उत्तरं तरी काय एकेक यायची! गळू कापलेल्या लमाणी बाईने डोळे वटारून सांगितलं, "कुटं न्हाई. आत्ता तर डोळं मिटलं." बोट काढलेल्या एका जमादाराने छातीठोक सांगितलं की तो सगळं ऐकत होता, पण काय ऐकलं ते मात्र सांगता आलं नाही. एका कोष्ट्याला पांढरं दिसलं, नुसतंच पांढरं. आणि छातीतली गाठ काढलेली सत्तरीची म्हातारी अर्धवट डोळ्यांनी म्हणाली, "म्हायेरी गेलते." त्या उत्तराखाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढल्या.

"एक गोष्ट ध्यानात घ्या, त्र्यंबकराव," ते मला म्हणत. क्लोरोफॉर्मचे थेंब मीच टाकायचो. तारेच्या जाळीवर मलमल ताणायची आणि एका हाताने नाडी धरून दुसऱ्या हाताने थेंब सोडायचे. "झोपून उठलेला माणूस काय म्हणतो? लई झोपलो म्हणतो. झोपेत काय बी कळालं न्हाई तरी येळ गेला ते त्याला ठावं असतं. आन् आपला पेशंट काय म्हणतो? कधी कापणार? कापून, टाके घालून, पट्टी बांधून झालेली असती! मधला घंटाभर त्याच्या जिंदगीतून कुणी उचलून नेला? झोप आन् हे एक न्हाई. कावून न्हाई, ते मला पाहिजे."

असं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं. माझं लक्ष नाडीकडे. मग एक दिवस नरहरशास्त्री डोळ्यांचं औषध न्यायला आले.

शास्त्रीबुवा वेदान्ताचे पंडित. दोन जिल्ह्यांतून लोक त्यांच्याकडे शंका घेऊन येत. साठीचे, गोरे, नाकाने तिखट, जिभेने त्याहून. मुसलमान डॉक्टरच्या दवाखान्यात पाऊल टाकायला नको म्हणून ते पडवीच्या कडेला स्वतःची धाबळी अंथरून बसले. मी डोळ्यांत थेंब घातले. ते डोळे मिटून बसलेले असताना आत डॉक्टर कुणाला तरी विचारत होते, "मधी कुठं होतास?"

शास्त्रीबुवा मिटल्या डोळ्यांनीच मला म्हणाले, "हा प्रश्न कोण विचारतंय?"

"डॉक्टरसाहेब."

"कुणाला?"

"हात बसवलेल्या तेल्याला."

त्यांनी धाबळीवर मांडी ठीक केली. मग म्हणाले, "तेल्याचं उत्तर मला सांगा. मी थांबतो."

त्या दिवसापासून शास्त्रीबुवांचे डोळे काही लवकर बरे झाले नाहीत. खरं तर आठवड्यात बरे झाले होते, पण ते रोज सकाळी येत, धाबळी अंथरत आणि डॉक्टर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून बसत. मधे उंबरा. एक वेदान्ताच्या बाजूने बोलायचा, दुसरा भेज्याच्या. त्या उंबऱ्यावरून जेवढं बोलणं गेलं तेवढी औषधं गेली नसतील. शास्त्रीबुवांचं म्हणणं असं, की गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, 'मला काही कळलं नाही.' आता काही कळलं नाही, हे कुणाला कळलं? कुणी तरी जागं असल्याशिवाय त्या न कळण्याची आठवण राहील कशी? तो जागा राहणारा तो साक्षी. तो झोपत नाही आणि मरत नाही.

"मंग माझ्या क्लोरोफॉर्मात त्यो कुठं जातो?" डॉक्टर विचारत. "त्याला तर न कळण्याची आठवण बी न्हाई."

"तेल्याला नसेल. त्याने साधना केलेली नाही."

"तुमी केलीय का?"

"चाळीस वर्षं."

डॉक्टरांचा गोंडा तोंडात गेला.

पुढच्या वर्षी शास्त्रीबुवांच्या पाठीवर गळू झालं. साधंसुधं नव्हे, दोन खांद्यांच्या मधे तळहाताएवढं, चाळणीसारखी तोंडं पडलेलं. घरच्यांनी आठ दिवस पोटिसं बांधली. नवव्या दिवशी ताप डोक्यात जायला लागला तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना बैलगाडीत घालून घेऊन आला. गाडीतून उतरताना शास्त्रीबुवा उंबऱ्याशी क्षणभर थांबले. मग स्वतःच म्हणाले, "देह आहे. जाऊ द्या आत."

डॉक्टरांनी पाठ पाहिली. चेहरा उतरला त्यांचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज न्हाई कापलं तर चार दिवस बी न्हाई काढायचे." मग टेबलाजवळ जाऊन त्यांनी वाकून सांगितलं, "बुवा, गुंगी द्यावी लागल."

शास्त्रीबुवा तापाने थरथरत होते, पण डोळ्यांत चमक आली. "द्या. मी साक्षी राहीन. उठल्यावर तुमच्या वहीत लिहून घ्या."

मी जाळी धरली. पंधरा थेंबांपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. मग मान सैल पडली. डॉक्टरांनी फुलीसारखा छेद घेतला, आतलं सगळं खरवडून काढलं. हात भरभर चालत होते आणि कपाळावरचा घाम नाकावर उतरत होता. काम संपलं. मी जाळी उचलली. जखमेत कापडाची वात भरून झाली तेव्हा शास्त्रीबुवांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "यासीन, ती खिडकी लावा. ऊन तोंडावर येतंय."

खरंच येत होतं. डॉक्टरांनी खिडकी लावली. परत येऊन वाकले. "शास्त्रीबुवा, मधी कुठं होता?"

"इथंच," ते म्हणाले. "पाठीवर कुणी तरी दळत बसलं होतं." आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे नाचणार. वही काढली, लिहिलं. अर्ध्या तासाने शास्त्रीबुवा पूर्ण जागे झाले. ओठ कोरडे पडले होते. डॉक्टरांनी ओल्या कापसाचा बोळा मला द्यायला लावला, स्वतः दिला नाही. शास्त्रीबुवांनी ओठ ओले केले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी सुरू करणार?"

डॉक्टरांनी वहीत बोट घालून ती मिटली.

"झालं, बुवा."

"काय झालं?"

त्यांना खिडकी आठवत नव्हती. दळण आठवत नव्हतं. "इथंच" म्हटल्याचंही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी वही वाचून दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा कठीण झाला. "ही थट्टा करायची वेळ नाही."

"त्र्यंबकरावांना इचारा."

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या घटकेला साक्षी कोण होता म्हणाल तर मीच, पंधरा रुपयांचा कंपौंडर. चाळीस वर्षांच्या साधनेवर मला साक्ष द्यावी लागली, आणि ती देताना मला बरं वाटलं नाही.

चार दिवस शास्त्रीबुवा कुणाशी बोलले नाहीत. रोज पट्टी बदलताना दात आवळून पालथे पडून राहत. डॉक्टरही वादाचं नाव काढत नसत. काम आटोपून बाहेर आले की मला हळूच विचारत, "लई दुखावले का ओ?" जखमेबद्दल त्यांना विचारायचं नसायचं, ते माझ्या लक्षात येई.

पाचव्या दिवशी पट्टी अर्धी सुटलेली असताना शास्त्रीबुवा उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "डॉक्टर, तुमची वही चुकलेली आहे."

"कशी काय?"

"तुम्ही माणूस शुद्धीवर आला की विचारता. तेव्हा तो जे सांगतो ती आठवण. तुम्ही आठवण मोजता आणि तिला भान म्हणता. मी खिडकी लावायला सांगितली तेव्हा मला ऊन लागलं होतं की नाही?"

"लागलं व्हतं. त्याबिगर कसं सांगाल?"

"मग भान होतं. आठवण नाही. पाटी पुसली म्हणजे तिच्यावर कुणी लिहिलंच नव्हतं, असं होत नाही."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. "या अल्ला! तीन वर्सं मी निसत्या पुसलेल्या पाट्या वाचीत बसलो!" आणि मग काही तरी सुचून ते टेबलाच्या कडेवर वाकले. "पण बुवा, थांबा. मंग तुमचं बी चुकतं. तुमी म्हणता, उठल्यावर कोरी पाटी दिसती, म्हणून झोपेत तिच्याम्होरं कुणीतरी जागा बसला व्हता. पाटी कोरी हाय येवढंच दिसतं की ओ. कुणी बसला व्हता का न्हाई, ते त्या पाटीला काय ठावं?"

शास्त्रीबुवांनी तोंड उशीत खुपसलं. मला भीती वाटली. मग त्यांची पाठ हलायला लागली. उघडी जखम घेऊन ते हसत होते. "नाही कळत," ते म्हणाले. "खरंच नाही कळत हो! चाळीस वर्षं मी ते गृहीत धरून बसलो."

दोघंही हरले होते, आणि इतके खुशीत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून डॉक्टर गुंगी उतरायच्या आधीच पेशंटशी बोलायला लागले, हातात हात घेऊन, अगदी बारीक बारीक. आणि शास्त्रीबुवांची धाबळी उंबऱ्याच्या आत आली.

त्याच वर्षी बिराजीला आणलं.

बिराजी शिरूर कासारकडचा धनगर. मेंढरं घेऊन कपिलधारेच्या वरच्या अंगाला उतरलेला. धबधब्याच्या माथ्यावर अडकलेलं कोकरू काढताना शेवाळावरून पाय घसरला आणि डोक्यावर आपटला. चौघांनी बाजेवरून उचलून आणला. कवटी डाव्या बाजूने आत बसलेली, अंडं टिचावं तशी. डॉक्टरांनी हाड उचलायचं ठरवलं. एवढं मोठं काम त्या तीन खोल्यांत कधी झालं नव्हतं. तुकडा निघाला तेव्हा मी पहिल्यांदा जिवंत माणसाचा मेंदू पाहिला. करडा, ओलसर, वरून तांबड्या शिरांची जाळी, आणि तो हलत होता. श्वासाबरोबर वर, श्वासाबरोबर खाली. मी थेंब टाकायचे विसरलो.

"बघा, बघून घ्या," डॉक्टर पुटपुटले. "कालपर्यंत ह्यातच मेंढरं व्हती, बायको व्हती, समदा डोंगर व्हता. दिसतंय का काय?"

बिराजी जगला. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, 'तेवढं.' भूक लागली तरी तेवढं, दुखलं तरी तेवढं, बायको दिसली तरी तेवढं. त्याची बायको सुंदरा, विशीतली, काळीसावळी, कणखर. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. महिन्याभराने त्यांचे पंच आले आणि बिराजीचा धाकटा भाऊ सटवाही आला. लिंबाखाली बसले. पंचांतल्या म्हाताऱ्याने विषय काढला.

"डागदरसायब, आमी त्याला देवाच्या ठिकाणी न्हेऊन साखळीनं बांधून ठेवतो. बायकूचा पाट सटवाशी लावायचा. मानूस मेल्यात जमा हाय. मेंढरांम्होरं कुनीतरी पायजे."

सुंदरा पडवीतून ओरडली, "मेल्यात जमा कावून? त्यो आत हाय! माज्याकडं बगतो तवा मला कळतं!"

"तुला वाटतं गं, बाई," म्हातारा म्हणाला. दुष्ट माणूस नव्हता तो. "त्याला इचार, तुजं नाव काय. सांगतो का बग. तेवढं तेवढं करतंय."

सटवा मान खाली घालून माती उकरत होता. त्याच्याही मनात हे सगळं होतं असं मला वाटलं नाही.

डॉक्टरांनी पंचांना समजावलं. डोक्याच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला मार बसला तर बोलण्याची वाट तुटते. उजवा हात त्याच वाटेवरचा. वाट तुटली म्हणजे गाव उठलं असं नाही. पंचांनी ऐकून घेतलं. मग म्हातारा म्हणाला, "मंग गाव हाय ते दावा."

"उद्या सकाळी दावतो," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी शास्त्रीबुवा आणि डॉक्टर आतल्या खोलीत दुपारभर बसले. डॉक्टरांनी डाव्या हाताच्या दोन खुणा ठरवल्या. तळवा उघडा म्हणजे होय, मूठ म्हणजे नाही. बिराजीला शिकवायला फार वेळ लागला नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "अजून एक खूण हवी."

"तिसरी कशाला?"

"उद्या कळेल." आणि त्यांनी बिराजीचा डावा हात धरून त्याच्या कपाळावर ठेवला. "हे म्हणजे, मला ठाऊक नाही. समजलं का रे, बाळा?"

"तेवढं," बिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाने दोन कळपांतली मेंढरं मिसळून आणली. पंच बसले, अर्धा कसबा जमला. एकेक मेंढी पुढे आणली की बिराजी बघायचा. आपली असली तर तळवा, परकी असली तर मूठ. वीस झाल्या, एकही चुकली नाही. लोकांत कुजबुज उठली. सुंदराच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण पंचांतला म्हातारा उठला आणि म्हणाला, "समदं खरं. पर सायब, आमचं कुत्रंबी मेंढरं वळकतं. त्यानं काय मानूस हुतंय?"

डॉक्टरांनी गोंडा दातांत धरला. तो सवाल त्यांना इतका आवडला होता की उत्तर द्यायचं ते विसरलेच. सुंदराचं हसू गेलं.

तेव्हा शास्त्रीबुवा धाबळीवरून उठले. जमिनीवरून काही तरी उचललं, मूठ वळली आणि बिराजीसमोर धरली. "बिराजी, माझ्या मुठीत खडा आहे का?"

बिराजी मुठीकडे बघत राहिला. मग त्याने शास्त्रीबुवांच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा डावा हात वर आला, अर्ध्यात थांबला. तळवा उघडला नाही, मूठही झाली नाही. हात कपाळावर गेला. आणि बिराजी हसला. तोंडाची एक बाजू वाकडी, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू. म्हातारबुवा आपल्याला फसवायला निघालेत, हे त्याला कळलं होतं.

शास्त्रीबुवा पंचांकडे वळले. "कुत्र्याला माहीत असतं किंवा माहीत नसतं. आपल्याला माहीत नाही हे ज्याला कळतं, तो आत बसलेला आहे. तुम्ही कुणाच्या बायकोचा पाट लावताय?"

म्हाताऱ्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग सटवा उठला, भावापुढे जाऊन बसला आणि त्याने आपली मूठ पुढे केली. "दादा, मी कोन हाय, वळकतुयास का?" बिराजीने त्याच्या थोबाडीत एक हलकी चापट मारली. सगळा कसबा हसला. सटवा रडत होता.

बिराजीला पुढे चारपाच शब्द परत आले. त्यांत बायकोचं नाव नव्हतं, याचा सुंदराला राग होता. पण ती मेंढरं घेऊन त्याच्याबरोबर गेली.

त्या संध्याकाळी डॉक्टर शास्त्रीबुवांना म्हणाले, "कुत्र्याचा जवाब तुमी दिला, पण मला अजून पटला न्हाई. कुत्र्याला तिसरी खूण शिकवलीच न्हाई आपण. शिकवली असती तर?" शास्त्रीबुवा कपाळावर हात ठेवून म्हणाले, "मला ठाऊक नाही." पुढचे कित्येक महिने डॉक्टर खाटकाच्या कुत्र्याला काहीबाही शिकवत बसलेले दिसत. कुत्रं फक्त जाड झालं.

मग मराठवाड्याच्या वरच्या अंगाला प्लेग पसरला आणि डॉक्टरांची तिकडे बदली झाली. चार महिन्यांत टपाल आलं. आजाऱ्यांची सेवा करता करता ते त्याच दुखण्याने गेले होते. मी तो कागद घेऊन शास्त्रीबुवांकडे गेलो. ते पोथी वाचत होते. ऐकलं, पोथी बांधली, उठून विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी अंगावर पाणी घेतलं. सूनबाईने घाबरून विचारलं, "कोण गेलं, मामंजी?" ते निथळत उभे होते. म्हणाले, "घरातलं."

पण डॉक्टरांचं नाव निघालं की मला तो कागद आठवत नाही. आठवते ती निघायच्या दिवशीची सकाळ. बीबीसाहेबा पडद्याच्या दमणीत पुढे गेल्या होत्या. डॉक्टर सामानाच्या गाडीत आणि मी वेशीपर्यंत पोचवायला बरोबर चाललो होतो. वेशीबाहेर वडार लोक दगड फोडत होते. बाभळीच्या फांदीला झोळी बांधलेली. डॉक्टरांनी गाडी थांबवली, उतरले, झोळीत वाकून बघितलं.

"किती दिवसांचं?" त्यांनी वडारणीला विचारलं.

"आज आठवा, सायेब."

"वळकतं का तुला?"

ती हसली. "आठ दिवसांचं काय वळकंल?"

डॉक्टरांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. झोळीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि आपला चेहरा त्या जिवापासून वीतभर अंतरावर नेला. तसेच थांबले. मग अगदी सावकाश, माशीही उडणार नाही इतक्या हळू, चेहरा उजवीकडे नेऊ लागले. गाडीवान हाका मारत होता, पुढची दमणी वळणाआड गेली होती. वडारणीने हातोडी खाली ठेवली आणि तीही वाकून बघायला लागली.

"त्र्यंबकराव!" डॉक्टर कुजबुजले, पण ती कुजबूज रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी होती. "डोळं फिरलं! माझ्यामागं फिरलं!"

"चला आता, उशीर होतोय," मी म्हटलं.

"थांबा. एकदा डावीकडून बघू द्या," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.